खळ लावलेली पानं

आमच्या लायब्ररीचे साहेब आयुष्यात एकदाच घाण बोलले. तेही जिल्ह्याच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, माझ्या बायकोच्या उशाशी स्टुलावर बसून, भर दुपारी. मी तिथंच उभा होतो. गावात त्यांच्याबद्दल लोक लई काही सांगतात. कुणी येडा म्हणतं, कुणी सोवळा म्हणतं. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिपाई होतो. इचारायचं तर मला इचारा.

मी चौथी शिकलो. लिहिताना चुका होणार. साहेब असते तर हा कागद दोन बोटांत धरून परत दिला असता, "अहो, हे पुन्हा लिहून आणा." आता ते न्हाईत, म्हणून तुमाला हे असंच वाचावं लागंल.

साहेब मूळचे भोकरकडचे. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. मराठी मागून स्वतःच्या हिमतीनं शिकले, म्हणून ती इस्त्री केल्यासारखी होती. राग आला की मात्र उर्दूच तोंडात यायची. सगळ्यांना अहो म्हणायचे. मला अहो, पोस्टमनला अहो. एकदा शेळी लायब्ररीत शिरली, तिलाही म्हणाले, "अहो, बाहेर व्हा." मी कानानं ऐकलं. रेणापुरात आमच्या वस्तीतल्या माणसाला तवा 'अरे' शिवाय कुणी हाक मारत नव्हतं. कामावर गेलो त्या पहिल्या दिवशी ते "बसा" म्हणाले, तर मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणून राहिले म्हणून.

परत आलेलं पुस्तक ते आधी हुंगायचे. "ह्याच्यावर कांद्याची भजी झाली आहेत." ज्याच्या घरी भजी झाली त्याला आठ दिवस दुसरं पुस्तक न्हाई. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवर त्यांची जास्त नजर. टवाळ लोक पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, 'खुनी डॉक्टर आहे'. साहेब ते रबरानं खोडायचे, खोडूनही दिसलं तर त्यावर कागद लावायचे. "अहो, एकाचा खून लेखकाने केला. हे लोक पुस्तकाचाच करतात."

आमचा जिल्हा नवा झाला त्या साली लायब्ररीचा रबरी शिक्का जुना पडला. नवा यायला वेळ होता. साहेब थांबंनात. एकेक पुस्तक काढून शिक्क्यातल्या जुन्या जिल्ह्याच्या नावावर रेघ मारायची आणि वर बारीक अक्षरात 'लातूर' लिहायचं. चार महिने हेच. पाऊस तर झालाच नव्हता. टँकर एक दिवसाआड यायचा, बाहेर घागरींची रांग चौकापर्यंत जायची, बायकांची भांडणं ऐकू यायची, आणि साहेब आत दौतीत टाक बुडवून राहिलेले. मी एकदा म्हणालो, "साहेब, पाणी न्हाई गावात, आन तुमी ह्ये काय करून राहिले?"

ते म्हणाले, "पाणी आणणं माझ्या हातात नाही. हे आहे."

आता पट्ट्यांचं सांगतो. साहेब प्रत्येक नवं पुस्तक लोकांना द्यायच्या आधी वाचायचे. त्यात नको ते आलं, म्हंजी बाई-गडी दार लावून घ्यायला लागले, की ते पानावर बोट ठेवून म्हणायचे, "तौबा." मग मला मैद्याची खळ शिजवायला सांगायचे. जुन्या रजिस्टराच्या कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायचे आणि तेवढ्या ओळी झाकून टाकायचे. पान फाडायचं न्हाई. "फाडणं म्हणजे खून. हा पडदा आहे." आणि पट्टीवर सुरेख अक्षरात लिहायचे : 'येथे वाचकाने दोन मिनिटे बाहेर थांबावे.'

लायब्ररीत बायका येत नसत. माझ्या बायकोला मी पिशवीतून पुस्तकं न्यायचो. ती सातवी पास. तिच्या बापानं धम्म घेतला त्या वर्षीच पोरींना शाळेत घातलं होतं. माझ्याहून तिप्पट वाचायची. चुलीपुढं बसून, एका हातानं भाकरी थापून पान उलटायची, म्हणून आमच्याकडच्या पुस्तकांना पिठाचा वास यायचा. साहेब हुंगायचे आणि काही बोलायचे न्हाईत. पहिली पट्टी बघितली तवा ती मला म्हणाली, "आवं, ही दोन मिनिटं कुणाची? आपली का त्यांची?"

मी हे साहेबांना सांगितलं न्हाई. मला नोकरी करायची होती.

नवा जिल्हा झाल्याच्या खुशीत पुस्तकांचा एक गठ्ठा आला, त्यात ती जाड कादंबरी होती. भाषांतर केलेली. गोष्ट विलायतेतली, राणीछाप रुपयावर जी राणी असते तिच्या राजवटीतली. धुकं, घोड्यांच्या बग्ग्या, गॅसचे दिवे. एका मोठ्या घरात मालकाचा खून होतो. मरता मरता मालकानं पेटता दिवा मारेकऱ्याच्या पाठीवर फेकलेला असतो, म्हंजी ज्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग तो खुनी. मालकाच्या विधवेकडं तीन माणसं येणारी-जाणारी. तिघांच्याही अंगावर गळ्यापासून पायापर्यंत कापडं. मग पाठ दिसणार कशी? ती दिसती एका ठिकाणी, आणि नेमकं तिथं साहेबांनी अडीच पानं खळीनं बंद केली.

वाचणारे लोक वैतागले. पोस्टमन येऊन म्हणाला, "साहेब, त्याला धरला कसा त्येच कळंना. मधी कायतरी गायब हाय."

"खुनी पकडला गेला ना?"

"गेला की."

"वाचक बिघडला नाही ना?"

"न्हाई वो."

"मग दोन्ही कामं झाली."

मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं. "अहो, गोष्ट जुनी आहे पण लेखक आजचा आहे. त्या काळातले खरे लेखक दार लावून बाहेर थांबत आणि पुढच्या प्रकरणात सकाळ करत. हा आजचा गृहस्थ त्यांच्या काळात जातो, त्यांची टोपी घालतो, त्यांची बग्गी वापरतो, आणि दाराच्या आतच राहतो. तहजीब नावाची गोष्ट असते की नाही?" मी हाव म्हणालो. एवढं सगळं त्यांनी बारकाईनं वाचलं कसं, हे माझ्या डोक्यात तवा आलं न्हाई.

त्या साली सगळं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला जायचं. बायकोबी गेली. एक दिवस दगडाची कपरी उडून तिच्या उजव्या डोळ्यात बसली. लातूरला नेली. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "आत रक्त साचलंय. आपोआप जिरेल. आठ दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. परत रक्त आलं तर डोळा गेला." एक डोळा हलला की दुसराबी हलतो, म्हणून दोन्हींवर पट्टी बांधली.

माझी बायको दिवसा पडलेली मी कधी बघितली नव्हती. दोन बाळंतपणं झाली, तिसऱ्या दिवशी ती पाण्याला गेलेली. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी बाहेर टँकर वाजला, तर ही पट्टी बांधलेली बाई घागर कुठं हाय म्हणत उठून बसली. डॉक्टर लई रागावला. मला म्हणाला, "बांधून ठेवा पाहिजे तर."

ती म्हणाली, "बांधू नका. ती कादंबरी अर्धी राहिलीय, तेवढी वाचून दावा. मी पडते."

मी पुस्तक आणलं आणि वाचायला बसलो. अर्ध्या पानाला अर्धा तास लागला. ती म्हणाली, "आवं, तुमी वाचून राहिले का खडी फोडून राहिले?" शेजारच्या खाटेवर औश्याकडची एक म्हातारी होती, मोतीबिंदूची. ती म्हणाली, "बाबा, थांब आता. त्या गड्याला मरू दे एकदाचं." बायको हसली, हसताना मान हालली, आणि मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. डोळा, रक्त, मान. ते बराच वेळ पट्ट्या कापत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही डोळे बांधलेले आहेत ना?"

"हाव."

"मग येतो. मला बायकांनी बघितलेलं सोसत नाही. शब्द जागेवर राहत नाहीत."

लायब्ररी अकराला बंद व्हायची, पाचला उघडायची. मधल्या वेळात ते एस.टी.नं लातूरला यायला लागले. स्टूल भिंतीकडं तोंड करून ठेवायचे आणि वॉर्डाकडं पाठ करून वाचायचे. म्हातारी म्हणाली, "ह्यो कोण गं, भिंतीला शिकवून राहिलाय?" बायको म्हणाली, "ते आमच्या ह्यांचे साहेब. बोलू नका, त्यांना लाज वाटती."

वाचायचे मात्र छान. आवाज खणखणीत, पण चढउतार न्हाई. खून असो का चहा असो, लायब्ररीचे नियम वाचल्यासारखं. मी खाटेच्या पायाशी उभा राहून तिच्या मानेकडं बघायचो. मला गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. दोन दोन तास ती मान हालत नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून सगळा वॉर्ड ऐकायला लागला. सिस्टर इंजेक्शनं घेऊन त्याच वेळेला यायची आणि हळू हळू टोचायची.

बारक्या पट्ट्या आल्या की साहेब मोठ्यानं वाचायचे, "येथे वाचकाने दोन मिनिटे बाहेर थांबावे," पुस्तक मिटायचे, आणि खरंच उठून व्हरांड्यात जायचे. घड्याळात बघून दोन मिनिटांनी परत यायचे.

म्हातारी इचारायची, "मास्तर कुठं गेले?"

"लघवीला गेले आसतील," दुसरी कुणी म्हणायची.

"जवा जवा ती बाई दार लावती तवाच लागती व्हय?"

सहाव्या दिवशी अडीच पानांची जागा आली. साहेबांनी रोजचं वाक्य वाचलं आणि उठले. बायको म्हणाली, "साहेब, खाली बसा."

ते उभेच राहिले.

"खुनी कोण ते त्या कागदाखाली हाय. त्याला धरला कसा ते पोस्टमनला बी कळलं न्हाई, आमच्या ह्यांनी सांगितलंय मला. सहा दिवस मी मढ्यावानी पडून हाये. ते वाचा."

"बाई, ते वाचण्यासारखं नाही."

"मग मी वाचते." आणि तिनं हात उचलून डोळ्याची पट्टी धरली. मी धावलो. तिनं मला कोपरानं ढकललं, मान एका बाजूला गेली. साहेब भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "हात खाली. हात खाली घ्या. वाचतो."

त्यांनी नखानं पट्टीचं टोक सोडवायला घेतलं. खळ मी शिजवलेली, चांगली घट्ट. पट्टीबरोबर पानाचा पापुद्राच निघायला लागला, अक्षरं पट्टीला चिकटून वर आली. दुसरीकडून बघितलं, तिकडंबी तेच. बायकोचा हात अजून डोळ्याच्या पट्टीवर होता. मग साहेबांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, चष्मा काढला, डोळे झाकले आणि म्हणायला लागले. पुस्तक बंद, डोळे बंद, आणि एकेक शब्द छापल्यासारखा.

"मोलकरणींनी गरम पाण्याच्या सात बादल्या वर आणल्या. तांब्याचा टब काठोकाठ भरला. तिने मोलकरणींना जायला सांगितले आणि दाराची कडी लावली. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या तिने एकेक करून सोडल्या."

"किती म्हणालास बाबा?" म्हातारीनं इचारलं.

"गुंड्या?"

"बादल्या."

"सात."

"किती माणसाला?"

"एका."

वॉर्डात जरा हालचाल झाली. साहेब पुढं म्हणू लागले. तो पाण्यात बसला. मग तिनं स्वतःच्या अंगावरचं एकेक उतरवलं. ती कापडं लई होती, गाठी लई होत्या. कुणीतरी म्हणालं, "त्यापरीस लुगडं बरं." सिस्टर हसली. साहेब थांबले न्हाईत. "मग तीही पाण्यात उतरली. पाणी काठावरून सांडले, गालिच्यावरून वाहिले आणि दाराखालून जिन्यावर गेले."

"अगं माय," म्हातारी म्हणाली. "जिन्यावर?"

"जिन्यावर."

"खाली कुणी भांडं लावलं का न्हाई?"

साहेबांनी मनातल्या मनात पान चाळलं असावं. म्हणाले, "तसा उल्लेख नाही."

पुढं त्या दोघांनी काय केलं ते मी लिहीत न्हाई. साहेबांनी सगळं सांगितलं, एक ओळ सोडली न्हाई. कुठं हात, कुठं तोंड, सगळं. आवाज तोच, नियमांचा. त्यांच्या कानाच्या पाळ्या मागून लाल झालेल्या मला दिसत होत्या. कोपऱ्यातल्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून खुसखुसल्या, पण बाकीच्या त्या पाण्यातच अडकल्या होत्या. मी खाटेकडं बघितलं. बायकोचा हात पट्टीवरून खाली आला होता, गोधडीवर पडला होता. मान सरळ होती.

"तिचा तळवा त्याच्या पाठीवरून फिरला आणि खांद्याखाली अडखळला. तिथली कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती."

"म्हंजी त्योच," बायको म्हणाली. "मला वाटलंच व्हतं. गडी कुणाकडं पाठ करतच नव्हता." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एवढंच व्हय साहेब? ह्याच्यासाठी एवढी खळ?"

साहेबांनी चष्मा घातला. "बाई, मला वाटलं लोक बिघडतील."

म्हातारी म्हणाली, "बिघडतील की. आमी इथं घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटून राहिलो, आन ती रांड जिन्यावर पाणी सोडती. असलं छापावं का कुणी?"

एस.टी. स्टँडपर्यंत मी साहेबांना सोडायला गेलो. ऊन मरणाचं होतं. माझ्या तोंडावर सवाल दिसत असणार. ते आपणहून म्हणाले, "अहो, चिकटवायचं तर आधी वाचावं लागतं. आणि नीट चिकटवायचं तर पुन्हा पुन्हा वाचावं लागतं."

मी हाव म्हणालो.

बस लागली होती. पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "माझं लग्न झालं नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

पुढचे दोन दिवस ते आले. वॉर्डात पाय ठेवायच्या आधी दारातून मला इचारायचे, "पट्टी आहे ना अजून?" गोष्ट संपली, खुनी फासावर गेला. म्हातारीनं इचारलं, त्या बाईला पाण्याची काही शिक्षा झाली का. साहेब म्हणाले, न्हाई. म्हातारीला ते पटलं न्हाई.

नवव्या दिवशी डॉक्टरनं पट्टी सोडली. साहेब आले न्हाईत. डॉक्टरनं डावा डोळा हातानं झाकला आणि बोटं धरली. तिनं डोळा बारीक केला, पुन्हा उघडला. मग म्हणाली, "तीन. आन नखं वाढलीत तुमची." डॉक्टरनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांहून जास्त लागली मला.

घरी आल्यावर महिनाभरानं ती माझ्याबरोबर लायब्ररीत आली. पायऱ्या चढून आत येणारी पहिली बाई तीच. साहेबांनी मान वर केली न्हाई. टाक दौतीत बुडवला तो बुडवूनच ठेवला. ती म्हणाली, "साहेब, मी."

"आवाजावरून कळलं," ते रजिस्टराला म्हणाले. आणि तिचं नाव लिहिलं, माझ्या नावाखाली न्हाई, नव्या पानावर. "श्रीमती" लावून.

पट्ट्या त्यांनी बंद केल्या न्हाईत. ते रिटायर होईपर्यंत खळ मीच शिजवली. फक्त एवढंच झालं की तिच्या हातात जायच्या पुस्तकावर पट्टी तीनच बाजूंनी चिकटलेली असायची. ती नखानं उचलायची, वाचायची, परत दाबून ठेवायची. मी म्हणायचो, "काय हाय गं?" ती म्हणायची, "चौथीवाल्यांसाठी न्हाई."

पुढं साहेब भोकरला गेले आणि तिकडंच वारले, असं ऐकलं. तिला सांगितलं तवा ती दिवसभर जेवली न्हाई.

मागच्या पौषात ती गेली. शेवटी वाचा बंद झाली होती, एक अंग लुळं पडलं होतं. लेक म्हणती, आईनं शेवटच्या दिवशी कुणाला ओळखलं न्हाई. मी उशाशीच बसलेलो होतो. हात गेला होता, पाय गेला होता, जीभ गेली होती, पण डोळ्याला काही झालेलं नव्हतं. ती माझ्याकडं बघून राहिली होती.